बावीवरचं जाळं

तांब्या मी खाली ठेवला. टाकला नाही. वाकून, दोन्ही हातांनी, पाणी हिंदकळणार नाही अशा बेताने तुळशीच्या पायरीवर ठेवला आणि मग धावले. दिवसभर मला तेवढंच आठवत राहिलं. पाळणाघरातली ओवी परसातल्या बावीच्या, विहिरीच्या, कठड्यावर पालथी पडली होती, पाय जमिनीवरून उचललेले, डोकं आत, आणि बावीत वाकून स्वतःलाच हाका मारत होती, ‘ओवीऽऽ’, आणि बाव तिला तिच्याच आवाजात ओ देत होती, जरा मोठ्या, जरा म्हाताऱ्या आवाजात. तुळशीपासून बाव बारा पावलं. माझी सातवी प्रदक्षिणा चालू होती. मी तोंड उघडलं होतं हे पक्कं आठवतं, कारण जिभेला सकाळचा गार वारा लागला. पण तोंडातून काही आलं नाही. मी बघत राहिले. किती वेळ, ते नंतर मी मोजून पाहिलं, एकदा चुलीपाशी, एकदा मुलांना भात भरवताना. सहा अंक होतात. सहा अंक मी उभी होते, मग तांब्या ठेवला, मग धावले, आणि मी पोचायच्या आत ओवी आपली आपण मागे घसरून पायांवर उभी राहिली. एका पायात चप्पल होती. दुसरी बावीत पडल्याचा आवाज मी ऐकला होता. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘‘आजी, थंय आणखी एक ओवी आसा.’’

मी तिला उचलून घेतलं. तिच्या फ्रॉकला कठड्यावरचं शेवाळ लागलं होतं, पोटापाशी हिरवा पट्टा. ती माझ्या कानाशी काहीतरी सांगत होती आणि मी अजूनही गप्प होते. आणि मग जे केलं ते लिहितानासुद्धा हात अडखळतो. उरलेल्या प्रदक्षिणा मी तिला कडेवर घेऊन पूर्ण केल्या. सातवी जिथे सोडली होती तिथून धरली आणि अकरापर्यंत नेली. एकही फेरा चुकला नाही.

पाळणाघर उघडून तेव्हा एक महिना आणि चार दिवस झाले होते. पाटी माझ्या नवऱ्याने, सत्यवानने, रंगवली. जेटीकडे त्यांचं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे, तिथे एका होडीला लावून उरलेला निळा रंग होता, त्याच रंगात ‘किशोरी पाळणाघर, सकाळी सात ते संध्याकाळी सहा’. अक्षरं होडीवरच्या नावासारखी तिरकी, धावत्या लाटेवर काढल्यासारखी आली, म्हणून शेजारच्या आनंदीबाई कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून म्हणाल्या होत्या, ‘‘बरा दिसता गो, पण ह्या घर पाण्यात सोडतास काय?’’ आनंदीबाई बाजारात मासळी विकतात, त्यांचा आवाज गावाच्या वरच्या भरडावरून पार बंदरापर्यंत जातो. त्यांनीच पुढे म्हटलं, ‘‘किशोरी, पाळणाघर घालतंस ता बरा, पण पोरांक हाक मारूक तुझो आवाज खंय आसा? तुझी हाक तुझ्या घोवाक आयकाक येत नाय.’’ त्यावर सत्यवान शिडीवरून म्हणाले, ‘‘माका येता आयकाक. मी दाखवणंय नाय.’’ आम्ही तिघं हसलो होतो. मीही हसले होते, पदर तोंडाला लावून, आणि मनात एक बारीक काटा राहिला होता, माशाचा राहतो तसा, गिळला तरी जाणवणारा. माझा आवाज लहानपणापासून हळूच. शाळेत बाई म्हणायच्या, मोठ्याने वाच, आणि माझं मोठ्याने म्हणजे इतरांचं पुटपुटणं. सासरी आले तेव्हा हाच गुण ठरला. सून किती हळू बोलते. मग व्रतं आली, सोमवार, एकादशी, चातुर्मासात एकभुक्त, आणि त्या सगळ्यांच्या वर ते सकाळचं मौन. आणि हळू बोलणारी बाई देवाच्या नावाने बोलायचीच थांबली तर गावात तिला मान मिळतो.

आमच्या घराला परसात बाव आहे, कठडा गुडघ्याच्या वर एक वीत. पाळणाघर काढायचं म्हटल्यावर आमच्या मुलाने, सुशांतने, पुण्याहून फोनवर मोठी यादी पाठवली होती. वीज जिथे जिथे भिंतीतून बाहेर येते तिथे झाकण, औषधं वरच्या फळीवर, पुढच्या फाटकाला, बेड्याला, कडी उंचावर, आणि सगळ्यांत वर दोन रेघा मारून, बाव. लोखंडी झाकण कुडाळच्या एकाला करायला दिलं होतं, तो रोज उद्या म्हणायचा. तोवर सत्यवाननी एका खलाशाकडून जुनं नायलॉनचं जाळं आणलं, दुहेरी करून कठड्यावर ताणलं, चार बाजूंना चार आकडे. त्यावर स्वतः बसून दाखवलं होतं. माझं पूजेचं पाणी मात्र पंपाचं चालत नाही, रोज हाताने शेंदलेलं लागतं, त्यासाठी जाळ्याचा एक कोपरा पहाटे सोडावा लागतो. आणि जाळं मासळीचं. कितीही धुतलं तरी उन्हात त्याला वास येतो. आंघोळ झाल्यावर, सोवळ्यात, मी त्याला हात लावत नव्हते. काठीने आकडा काढायचा, काठीने कोपरा सारायचा, पाणी घ्यायचं. परत लावायला हात लागतो. ते प्रदक्षिणा झाल्यावर. महिनाभर मी ते प्रदक्षिणा झाल्यावर करत होते आणि महिनाभर काही झालं नव्हतं, कारण ओवी येते ती पावणेसातला, आणि माझे फेरे होईपर्यंत सत्यवान तिला पडवीत मांडीवर घेऊन बसतात. तिची आई दीपिका एसटीत कंडक्टर आहे, तिची कुडाळची गाडी सातला सुटते. नवरा गोव्यात हॉटेलात, सासू दुसऱ्या सुनेच्या बाळंतपणाला गेलेली ती गेलेलीच. पहिल्या दिवशी पोरीला घेऊन आली तेव्हा खाकी शर्टाच्या बाह्या खाली ओढत म्हणाली होती, ‘‘काकी, अंगणवाडी दहाक उघडता आणि माझी गाडी सातक सुटता. मधले तीन तास माका कोणी देवा.’’ मी दिले, आणि मग अंगणवाडी नकोच म्हणून संध्याकाळी सहापर्यंतचेही दिले. इतक्या सहज दिले, जसे काही ते माझेच होते, जसा त्यातला पहिला अर्धा तास मी वीस वर्षांपूर्वीच दुसऱ्या कोणाला देऊन टाकलेला नव्हता.

सुशांत चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. ऐकायचा सगळं. हाक मारली की वळायचा, सांगितलेलं आणून द्यायचा, पण ओठ मिटलेले. डॉक्टर म्हणाले थांबा. सासूबाई म्हणायच्या, आईच बोलत नाही तर पोर कुठून बोलेल, आणि ते मी पाट्यावर वाटप वाटताना ऐकायची. एका मंगळवारी त्याला घेऊन धामापूरला गेले, देवळाच्या मागे तलावाच्या पायऱ्यांवर बसले. पाणी अगदी हललं नव्हतं. मी भगवतीला म्हटलं, त्याला वाचा दे, मी माझी सकाळ देते. आंघोळीपासून तुळशीच्या अकरा फेऱ्यांपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही, जन्मभर. तेव्हा वाटलं किती थोडं मागितलं जातंय माझ्याकडून. चार महिन्यांनी तो बोलला. सुरुवातीला अडखळायचा, पहिल्या अक्षरावर दारात पाय अडकल्यासारखा थांबायचा, मग तेही सुटलं, आणि आता तो पुण्यात रात्रभर परदेशातल्या माणसांशी फोनवर बोलतो, बोलण्याचाच त्याला पगार आहे. सकाळी काम सुटलं की सातच्या सुमारास फोन करतो. सत्यवान फोन मोठ्या आवाजात करून पडवीच्या कठड्यावर ठेवतात आणि मी फिरत फिरत ऐकते. मी उत्तर देऊ शकत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून बहुतेक, तो त्या वेळात असं बोलतो जे एरवी बोलला नसता. एकदा म्हणाला होता, ‘‘आई, तू गप्प असतंस तेव्हाच तुका सांगूक बरा वाटता.’’ मी त्या वाक्यासाठी आणखी वीस वर्षं गप्प राहिले असते.

वीस वर्षांत एकदाही मोडलं नाही. नणंदेच्या लग्नाच्या सकाळी मोडलं नाही. वादळात पडवीची कौलं उडाली तेव्हा सत्यवान आतून ओरडत होते, खंय आसंस गो, खंय आसंस, आणि मी त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभी राहून भिंतीवर थाप मारत होते. त्या दिवसानंतर गावात बायका एकमेकींना सांगायच्या. लग्नाकार्यात नव्या सुनांना माझ्यासमोर वाकायला लावायच्या. मला ते आवडत नव्हतं असं मी आजवर म्हणत आले. त्या दिवशी, मुलांना दुपारी निजवल्यावर पंख्याखाली बसून, पहिल्यांदा मनात म्हटलं, आवडत होतं.

कारण त्या सहा अंकांत नेमकं काय झालं ते मला ठाऊक होतं आणि मी त्याच्या भोवती फिरत होते. फोन त्या सकाळी आत चार्जिंगला लावलेला होता. तो वाजला, सत्यवान ओवीला पडवीच्या पायरीवर बसवून, ‘‘हंयच रव हां, हलू नको,’’ असं सांगून आत गेले. तार तोकडी, म्हणून तिथेच उभे राहून बोलू लागले. खिडकीतून सुशांतचा आवाज येत होता. खोलीतल्या दोस्ताने कुकर जाळला, सगळ्या इमारतीत धूर, वॉचमन वर आला, असं काहीतरी, आणि तो मधेच स्वतःच हसत होता. मी सातव्या फेऱ्याला वळले आणि ओवी दिसली. माझं तोंड उघडलं. आणि खिडकीतून त्याचं ते हसणं आलं. बस्स. मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर ओरडले असते. पण आत कुठेतरी, जिथे मी स्वतःही सहसा जात नाही, एका पारड्यात ते हसणं होतं आणि दुसऱ्यात ती दोन पावलं, वर उचललेली, गुलाबी चपलेतली. आणि काटा हलला नव्हता. सहा अंक तो काटा मध्ये उभा राहिला होता.

दिवस नेहमीसारखाच गेला. नऊला बँकेतल्या बाईचा मुलगा आला, साडेनऊला पोस्टातल्यांची पोर. मी पेज केली, नाचणीचं सत्त्व केलं, कोणाची शी धुतली, कोणाच्या नाकाला तेल लावलं. जाळ्याचे चारही आकडे मी हाताने लावले आणि नंतर पाच वेळा जाऊन ओढून पाहिले. दर वेळी जाळ्यातून खाली दिसायची ती चप्पल. पालथी तरंगत होती, गुलाबी, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सावकाश जात होती, जसं काही खाली कोणी घरात फिरतंय. पडलेली बादली काढायचा गळ आमच्याकडे आहे. मी तो आणला, दोर सोडला, आणि मग उगाच वाटलं की आता कोणी बघितलं तर, आणि गुंडाळून ठेवला. ओवी माझ्या मागे मागे होती. तिच्या मनात तर काहीच नव्हतं. विटकरीने फरशीवर रेघोट्या मारत ती मला विचारत होती, ‘‘आजी, ती ओवी जेवली?’’ मी म्हटलं, जेवली. ‘‘कोणी भरवल्यान?’’ मी वाकून तिच्या हातावरची विटकरीची लाली पुसली.

सत्यवान जेवायला आले तेव्हा त्यांना सांगितलं. सगळं नाही, पारड्याचं नाही. ते हात धुता धुता थांबले. नळ वाहत राहिला.

‘‘चूक माझी,’’ ते म्हणाले. ‘‘मी आत जावक नको होतंय.’’

‘‘जाळा मी उघडा ठेवलंय.’’

‘‘पडला नाय मां चेडू? मगे जावंदे.’’ मग थोड्या वेळाने, भात कालवत, माझ्याकडे न बघता, ‘‘दीपिकाक सांगू नको. ती न्हेतली पोर. आणि ती न्हेतली काय बाकीची पण जातली. झाकण उद्या येता, त्येच्यानंतर कसला भय?’’

त्यांचं चुकत नव्हतं. मी मान हलवली. पण ताट तसंच बाजूला सारलं. मला बोलायचं की गप्प बसायचं हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. सकाळी गप्प, दुपारी हळू, असं ठरलेलं होतं, आणि त्यात मी सुखात होते.

सहाला पाच कमी असताना दीपिका आली. खाकी शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा, केसांत सकाळचा अबोलीचा गजरा चिमलेला. बेड्यातूनच बोलत आली. ‘‘काकी, आज काय सांगू! एक म्हातारो कोंबडो घेवन चढलो गाडीत. मी म्हटलंय, आजोबा, त्येका खाली ठेवा. म्हणता, तिकीट काढलंय मां त्येचा? आणि खरोखरच काढल्यान म्हाताऱ्यान, हाफ तिकीट!’’ ओवी धावत जाऊन तिच्या गुडघ्यांना बिलगली. दीपिका खाली बसली, पायांकडे बघितलं. ‘‘आणि हिची दुसरी चप्पल खंय?’’

मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. सत्यवान आतून आले, टॉवेलने मान पुसत. ‘‘कुत्र्यान न्हेल्यान मेल्यान. सकाळीच. मी धावलंय फाटसून, पण खंय तो गावता.’’

दीपिका हसली. ‘‘जावंदे. गेल्याच महिन्यात घेतलेली.’’ तिने पोरीला कडेवर घेतलं, पिशवी खांद्याला लावली. ओवी म्हणाली, ‘‘बावीत आसा.’’ दीपिकाने तिचा गाल पुसला, ‘‘होय गो होय,’’ आणि वळली. खळ्यातून, पुढच्या अंगणातून, बेड्यापर्यंत वीस पावलं असतील. ती पाचवं, सहावं टाकत होती. हे मौन व्रताचं नव्हतं. ह्याच्यासाठी मी कोणाला शब्द दिला नव्हता, तरी ते तसंच होतं, तोच वारा जिभेला, तीच जड जीभ, आणि मला एकदम भीती वाटली की आता मी कधीच, कुठल्याच वेळी, ह्यातून बाहेर येणार नाही.

‘‘दीपिका, थांब.’’

तिला ऐकू गेलं नाही. मी पायऱ्या उतरले, तिच्या दंडाला हात लावला आणि सांगितलं. कुत्रा खोटा. जाळं उघडं होतं, माझ्यामुळे. ओवी कठड्यावर. चप्पल खाली. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, आणि मला त्याची चीड आली, की असली गोष्टसुद्धा मी असल्या आवाजात सांगते, मिठाचं माप विचारल्यासारखी. दीपिका ओरडली नाही. तिने पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, जास्त घट्ट, आणि एकच विचारलं.

‘‘तुमी हाक कित्याक नाय मारलात?’’

‘‘माझा मौन होता.’’

‘‘मौन,’’ ती म्हणाली. तिने तो शब्द तिकीट तपासल्यासारखा उलटून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, मग परसाकडे, आणि गेली. बेड्याची कडी तिने लावली नाही. सत्यवान माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. ‘‘सांगलंस,’’ ते म्हणाले. रागावले असावेत असं वाटलं, पण त्यांनी पुढे जाऊन कडी लावली आणि ती हलवून पाहिली.

दिवेलागणीला तुळशीपाशी पणती लावली. तुळशीच्या लग्नाचा ऊस अजून वृंदावनाला टेकलेला होता, पानं वाळून कागदासारखी वाजत होती. त्या आवाजाने मला पिंगुळी आठवली. सुशांत पहिल्यांदा बोलला ते आमच्या घरी नाही, पिंगुळीला, बाहुल्यांच्या खेळात. नात्यातल्या एका मुंजीला गेलो होतो, संध्याकाळी मांडवात कळसूत्री बाहुल्या आणलेल्या. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे, पण सांगताना नेहमी भगवतीवर संपवली, तो काय बोलला तिकडे माझं लक्षच नव्हतं. लाकडाची एक बाई सुपात भात पाखडत होती, आणि तिच्या पाठीमागून पडद्याआडून वाघ आला. पोरं किंचाळत होती, हसत होती. सुशांत माझ्या मांडीवरून उठला आणि सगळं बळ एकवटून त्याने तिला मागे बघ म्हणून हाक मारली, ‘‘फा… फाटी वाघ!’’ बाईने वळून पाहिलं. खेळणाऱ्याने दोरी ओढली असेल. पण तिने वळून पाहिलं. मी रडत त्याला छातीशी धरलं, देवीचं नाव घेतलं, आणि दुसऱ्या सकाळपासून अधिकच निष्ठेने गप्प झाले. पणतीच्या उजेडात हात तसाच राहिला आणि तेल सांडलं. देवीने त्याला वाचा दिली, आणि त्याने ती पहिल्यांदा कशासाठी वापरली? लाकडाच्या बाईसाठी. दोन वीत उंचीच्या, रंगवलेल्या, ज्या बाईला वाघाने खाल्लंच नसतं.

मला वाटलं होतं एवढं कळल्यावर सकाळी मी मोकळी असेन. तसं झालं नाही. सकाळी आंघोळ केली आणि जीभ आपोआप टाळूला चिकटली, वीस वर्षांच्या सवयीने, आणि भीतीनेही. खरं तर भीतीनेच. कळणं एकीकडे राहिलं आणि सुशांतचा फोन दुसरीकडे. काठीने आकडा काढला, पाणी शेंदलं. मग काठी बाजूला ठेवून, सोवळ्यात, हाताने जाळं ओढलं आणि आकडा लावला. हाताला वास आला. धुतला नाही. तसाच तांब्या उचलला. सत्यवान पडवीत फोन हातात घेऊन बसले होते, मांडी रिकामी. पावणेसात झाले. सात वाजायला दहा मिनिटं. मी चौथ्या फेऱ्यात होते आणि कान बेड्याकडे. आता नाही येणार. मग बँकेतल्या बाईला कळेल, मग पोस्टातल्यांना, आणि पाटी उतरवावी लागेल, आणि आनंदीबाई काही म्हणणार नाहीत, ते जास्त वाईट. पाचवा फेरा. मनात एक हलकी, लाजिरवाणी सुटका उमटली, की नाही आली तर पुन्हा कोणी कठड्यावर चढणार नाही, मला पुन्हा कधी तोंड उघडावं लागणार नाही.

बेडं वाजलं. दीपिका खाकीत, कडेवर ओवी, पायांत नव्या चपला, पिवळ्या. ती पडवीकडे गेली नाही. खळ्याच्या तोंडाशी उभी राहिली.

‘‘काकी, हिका हाक मारून दाखवा.’’

सत्यवान उठले. ‘‘अगो, तिचा मौन आसा. अजून सा फेरे…’’

‘‘म्हायती आसा, काका. म्हणानच आत्ता इलंय.’’ तिचा आवाज चढलेला नव्हता. डोळे सुजलेले होते. ‘‘माका दुसरा कोण नाय. रात्रभर बगलंय, कोण नाय. पण माका एकदा आयकाचा आसा. नायतर मी गाडीत घंटी मारतलंय आणि माका हिचोच आवाज येत रवतलो.’’

सत्यवानच्या हातातला फोन वाजू लागला. पडद्यावर नाव मला दिसत नव्हतं, दिसायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि सवयीने बोट लावलं. ‘‘हॅलो बाबा,’’ सुशांत म्हणाला, मोठा, मोकळा, झोपेला आलेला आवाज. ‘‘आई फिरता काय?’’ आणि त्याच क्षणी ओवी दीपिकाच्या हातांतून खाली सरकली आणि धावत सुटली. तिला आमच्या मौनाचं काय, ती तिच्या त्या दुसऱ्या ओवीकडे निघाली होती, नव्या चपला दाखवायला. दीपिका जागची हलली नाही. तिने ओठ दाताखाली धरले आणि माझ्याकडे बघत राहिली. जाळं होतं. आकडे लावलेले होते. मी लावले होते, पडणार नव्हती, मला ठाऊक होतं. फोनमधून तो म्हणत होता, ‘‘आई, आज काय झाला सांगू…’’ आणि पिवळ्या चपला आठव्या पावलावर होत्या, नवव्या.

‘‘ओवी!’’

तो आवाज कोणाचा होता मला माहीत नाही. फाटका, जाड, गंजलेल्या कडीसारखा. माडावरचे कावळे उडाले. घसा आतून सोलल्यासारखा झाला. ओवी जागच्या जागी थिजली, वळली, आणि तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघू लागली, जसं काही बावीतली ती दुसरी बाहेर येऊन बोलली. गडग्यापलीकडून आनंदीबाईंचं डोकं वर आलं. ‘‘कोण गो ता बोंबाललां?’’ मी ओवीपाशी गेले, तिचा हात धरला. दीपिका आली, तिने माझ्या खांद्याला पिशवी अडकवली, डबा, पाण्याची बाटली, एक जादा फ्रॉक. एकदाच माझ्या दंडावर हात ठेवला, काल मी तिच्या ठेवला होता तिथे, आणि स्टॅण्डकडे धावत गेली, कारण सात वाजत आले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पलीकडे फोन गप्प आहे. सत्यवान तो पुढे धरून उभे होते, जड वस्तू धरल्यासारखा. तो चालू होता, पडद्यावर सेकंद पळत होते, आणि त्यातून काही येत नव्हतं. पुण्यातला पंखासुद्धा नाही. मी मोजू लागले. एक. दोन. तुळशीच्या पायरीशी तांब्या आडवा पडला होता, पाणी खळ्यातून माझ्यामागे इथवर आलं होतं. मी तो कधी टाकला मला आठवत नव्हतं. तीन. चार. भगवती, माझं काय ते घे, त्याचं नको. पाच.

‘‘आ…’’ फोनमधून आलं. दारात पाय अडकल्यासारखं, लहानपणी यायचं तसं. ‘‘आ… आई? तू बोललंस?’’

माझ्या मुठीत ओवीचा हात घामेजला होता आणि त्याला जाळ्याचा वास लागला होता.

‘‘बोललंय,’’ मी म्हटलं. ‘‘आता तू बोल रे. मी आयकतंय.’’

आणि तो पुढे काय बोलतो, कसा बोलतो, याची वाट बघत मी तशीच उभी राहिले, पाय सांडलेल्या पाण्यात.